सासूबाईंची नवी कवळी : ॲक्रिलिक, फ्लेक्सिबल की मशीनवर कोरलेली?

पत्र :

डॉक्टर, माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. नऊ वर्षांपूर्वी सगळे दात काढून वरखाली पूर्ण कवळी बसवली. आता तिची रया गेलीय. गुलाबी रंग मातकट झालाय, दातांच्या मुळाशी काळं धरलंय आणि कितीही घासली तरी वास येतो. त्यांना मिशरीची जुनी सवय. हिरड्यांना लावून झाली की उरलेली मिशरी कवळीवरही घासतात. झोपतानाही कवळी काढत नाहीत, नातवंडांसमोर बोळकं तोंड नको म्हणतात. परवा टाळू बघितला तर लालभडक, पण दुखत नाही म्हणाल्या. इथल्या डॉक्टरांनी नवी कवळी करायला तीन प्रकार सांगितले : साधी ॲक्रिलिकची, ‘फ्लेक्सिबल’ म्हणजे न तुटणारी, आणि कॉम्प्युटरच्या मशीनवर कोरलेली. तिसरीचे पैसे पहिलीच्या कितीतरी पट. पुण्याचा भाचा म्हणतो, थ्रीडी प्रिंटची घ्या. यातली कुठली गुळगुळीत राहते? कुठलीला वास येत नाही? आणि शेजारच्या काकू म्हणतात रोज उकळत्या पाण्यात टाका, ते करावं का? – एक सून, कराड

उत्तर :

ताई,

आधी काकूंना थांबवा. उकळत्या पाण्यात कवळी वाकते. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि वर्षानुवर्षं लाळ-पाणी प्यायलेलं असेल तर त्याच्याही आधी. आकार केसभर बदलला तरी ती टाळूला पुन्हा तशी चिकटून बसत नाही. कवळीला साधं नळाचं पाणीच बरं.

दुसरं, नवी कवळी कुठलीही करा, पण माप इतक्यात देऊ नका. कवळीखालचा टाळू लाल आणि तरी दुखत नाही, याला आम्ही डेंचर स्टोमॅटायटिस म्हणतो. बहुतेक वेळा त्यामागे कॅन्डिडा नावाची बुरशी असते. ती थोड्याफार प्रमाणात निरोगी तोंडातही असते. पण रात्रंदिवस कवळी तोंडात राहिली की टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळ खेळत नाही, आणि तिथे बुरशीचं फावतं. दुखत नसल्यामुळे माणूस वर्षानुवर्षं डॉक्टरकडे जात नाही. अशा सुजलेल्या टाळूचं माप घेतलं तर कवळी सुजेच्या मापाची होते, आणि सूज उतरली की सैल पडते. तेव्हा दोन-तीन आठवडे टाळूला विश्रांती द्या. रात्री कवळी बाहेर, दिवसा जमेल तितका वेळ बाहेर, आणि डॉक्टर देतील ते बुरशीचं औषध टाळूला आणि कवळीच्या आतल्या बाजूलाही. सासूबाईंना रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण बुरशीवरची काही औषधं त्या गोळीशी जमत नाहीत. एकदा रक्तातली साखरही तपासून घ्या. मधुमेह हाताबाहेर गेलेला असेल तर ही बुरशी काही केल्या हटत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न.

डॉक्टरांच्या टेबलावर नमुन्याच्या कवळ्या असतात, त्या सगळ्या चकचकीत असतात. तुम्ही बघता ती गालाकडची आणि जिभेकडची बाजू. तिला प्रयोगशाळेत आधी सँडपेपर, मग प्युमिस नावाच्या दगडाची ओली भुकटी लावून फिरतं चाक, मग आणखी बारीक पावडर असं टप्प्याटप्प्याने पॉलिश केलेलं असतं. पण टाळूला लागणारी बाजू? ती कुणी पॉलिश करत नाही. करूच नये, कारण तिथलं थोडंसं खरवडलं तरी टाळूशी जुळलेलं माप बिघडतं. म्हणजे ज्या बाजूला बुरशी घर करते तीच बाजू सर्वांत खरखरीत, आणि नेमकी तीच दाखवली जात नाही. नमुना हातात घेतलात तर उलटा करून बघा.

हा खरखरीतपणा मोजता येतो. हिऱ्याचं अगदी बारीक टोक पृष्ठभागावरून ओढत नेणारं प्रोफायलोमीटर नावाचं यंत्र असतं. ते वरच्या उंचवट्यांची आणि खळग्यांची सरासरी मायक्रॉनमध्ये सांगतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तोंडात बसवायच्या पदार्थांसाठी ०.२ मायक्रॉन हा आकडा १९९०च्या दशकातल्या संशोधनातून पुढे आला आणि आजही तोच धरतात. त्याच्या खाली कितीही गुळगुळीत केलं तरी जंतू चिकटण्यात फारसा फरक पडत नाही, पण त्याच्या वर गेलं की थर वाढत जातो. एक जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, कॅन्डिडाची पेशी चार-सहा मायक्रॉनची. खळगा जिवाणूच्या मापाचा झाला की ब्रशचा केस तिथे पोचत नाही, लाळेचा प्रवाह पोचत नाही, आणि आतला जंतू निवांत वाढतो. नीट पॉलिश केलेली बाहेरची बाजू ०.२च्या आत बसू शकते. आतली बाजू प्लॅस्टरच्या साच्याचा पोत घेऊन येते, त्यामुळे ती सहसा त्याच्या बरीच वर असते.

वासाचं मूळही इथेच आहे. पदार्थाला स्वतःचा वास नसतो, वास त्याच्यावर बसलेल्या थराचा असतो. तुम्ही ‘कितीही घासली तरी’ म्हणता ना, ते घासणंच आता तिच्या मुळावर आलंय.

कारण ॲक्रिलिक मऊ असतं. कठीणपणा मोजायच्या व्हिकर्स मापावर त्याचा आकडा विसाच्या आसपास येतो. खऱ्या दाताचं वरचं कवच, इनॅमल, तीनशेच्याही वर. टूथपेस्टमध्ये घासणारी खरखरीत पूड असते ती इनॅमलचा अंदाज घेऊन. तीच पेस्ट ॲक्रिलिकवर घासली की ओरखडे पडतात. आणि मिशरी, राखुंडी, गेरूची लाल दंतमंजनं ही तर पेस्टपेक्षाही भरड. नऊ वर्षं रोज मिशरीचा हात फिरलाय, म्हणजे त्या कवळीवर ओरखड्यांचं जाळंच झालंय. प्रत्येक ओरखड्यात तंबाखूचा काळा राप आणि चहा-हळदीचा डाग. आता तिला जितकं जोरात घासाल तितके नवे ओरखडे, तितका नवा थर. जुनी कवळी पुन्हा पॉलिश करून थोडी सुधारते, पण नऊ वर्षांत जबड्याचं हाडही झिजलेलं असतं. ती आता नीट बसतही नसेल. नवी करायचं ठरवलंत ते योग्यच.

कवळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची असते आणि तिच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. वरची पूर्ण कवळी टाळूला कशाने धरून राहते? हुक नाही, गोंद नाही. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा एक पातळ पापुद्रा असतो, तो दोन्हीकडे पसरतो आणि धरून ठेवतो. त्यासाठी लाळ कवळीवर पसरायला हवी. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब गोळा होऊन घरंगळतो तसं कवळीवर झालं तर ती पकड येत नाही. थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो तो मोजतात. तो जितका कमी तितकी लाळ चांगली पसरते. कोरड्या ॲक्रिलिकवर हा कोन सत्तर अंशांच्या आसपास येतो, म्हणजे ठीकठाक. मऊ अस्तरासाठी वापरतात त्या सिलिकॉनवर नव्वदच्याही पुढे. तोंडात गेल्यावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा थर बसतो आणि परिस्थिती थोडी सुधारते. म्हणूनच नवी कवळी कोरडी घालण्याऐवजी पाण्यातून काढून ओली घालावी. ज्यांचं तोंड काही औषधांमुळे कोरडं पडतं, त्यांची कवळी कुठल्याही महागड्या पदार्थाची असली तरी निसटते. सासूबाईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा.

आता एकेक प्रकार घेऊ.

साधी ॲक्रिलिक, म्हणजे पॉलीमिथाइल मेथाक्रिलेट. १९३७ पासून कवळीसाठी वापरात आहे. त्याआधी जवळपास ऐंशी वर्षं कडक केलेल्या रबराच्या, व्हल्कनाइटच्या, लालसर-काळपट कवळ्या चालत. ॲक्रिलिक आलं आणि काही वर्षांत रबर मागे पडलं, कारण गुलाबी रंग हिरडीसारखा दिसतो आणि पॉलिश छान चढतं. पण ‘साधी’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपतात. एक हीट क्युअर : पावडर आणि द्रव कालवून साच्यात दाबतात आणि पाण्यात सावकाश तापवतात, एका पद्धतीत ७४ अंशांवर जवळपास नऊ तास. दुसरी सेल्फ क्युअर : तीच पावडर-द्रवाची जोडी, पण खोलीच्या तापमानाला आपोआप कडक होणारी. सेल्फ क्युअरमध्ये न जुळलेला द्रव, म्हणजे मोनोमर, जास्त शिल्लक राहतो. आंतरराष्ट्रीय मानकाने हीट क्युअरला २.२ टक्क्यांपर्यंत आणि सेल्फ क्युअरला ४.५ टक्क्यांपर्यंत मुभा दिलीय, यावरूनच फरक लक्षात येईल. शिवाय ती जास्त सच्छिद्र असते. तिची जागा दुरुस्तीपुरती. पूर्ण कवळी तिची करू नये.

हीट क्युअरमध्येही घाई केली की घोटाळा होतो. हा मोनोमर साधारण शंभर अंशांवर उकळतो. कडक होताना पदार्थ स्वतःही उष्णता सोडतो. पाणी भराभर तापवलं तर जाड भागात मोनोमर उकळून बारीक बुडबुडे धरतात. पॉलिश करताना असा बुडबुडा उघडा पडला की तो कायमचा खळगा झाला, कितीही घासा, जाणार नाही. म्हणून ‘उद्या संध्याकाळी दात द्या, परवा लग्न आहे’ असा तगादा कृपा करून लावू नका.

फ्लेक्सिबल म्हणजे नायलॉन. वितळवून साच्यात दाबतात, त्यात मोनोमर नसतो. वाकते, पडली तर सहसा तुटत नाही, तारेऐवजी हुकही त्याच हिरडीच्या रंगाच्या पदार्थाचे असल्यामुळे दिसत नाहीत. दोन-चार दातांच्या जागा भरायच्या असतील, ॲक्रिलिकच्या मोनोमरची खरीखुरी ॲलर्जी असेल, किंवा सुपारी-गुटख्याने तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नसेल आणि कडक कवळी आत जातच नसेल, तर मी स्वतः नायलॉन सुचवते. पूर्ण कवळीसाठी मात्र नाही. नायलॉन ॲक्रिलिकपेक्षाही मऊ. पॉलिश करताना चाकाच्या उष्णतेने ते कापलं जाण्याऐवजी ओढलं जातं, तंतू निघतात, त्यामुळे तशी झिलई चढवणं कठीण. घरी वापरताना ते लवकर खरखरीत होतं आणि हळद, चहा पटकन धरतं. त्यात दात रासायनिकरीत्या चिकटत नाहीत, भोकांमध्ये अडकवून बसवतात. त्या सांध्यांत जे साठतं ते तुम्हाला दोन वर्षांनी काळ्या रेषेच्या रूपात दिसेल. आणि सर्वांत मोठी अडचण : हाड झिजून कवळी सैल झाली की ॲक्रिलिकला आतून नवा थर देता येतो, नायलॉनला ते सहज जमत नाही. ‘न तुटणारी’ हा गुण मोठा वाटतो खरा, पण तुमच्या पत्रात कवळी तुटल्याची तक्रार कुठेच नाही.

मशीनवर कोरलेली. ही पण ॲक्रिलिकच, हे आधी लक्षात घ्या. फरक इतकाच की कारखान्यात जास्त दाब आणि उष्णता देऊन जाड चकती तयार करतात आणि त्या चकतीतून मशीन कवळी कोरून काढतं. चकती आधीच पूर्ण कडक झालेली असल्यामुळे आकुंचन उरलेलं नसतं, बुडबुडे जवळपास नसतात, शिल्लक मोनोमर कमी. प्रयोगशाळेतल्या तुलनांमध्ये तिचा पृष्ठभाग बहुतेकदा साध्या हीट क्युअरपेक्षा गुळगुळीत भरतो आणि कॅन्डिडाही कमी चिकटते. आतल्या बाजूचा फायदा इथे खरा आहे, कारण तिथे प्लॅस्टरचा पोत येत नाही. कोरणाऱ्या हत्याराच्या बारीक रेघा मात्र असतात. पैसे हाताशी असतील तर मी हिला नको म्हणणार नाही. फक्त घरी मिशरी तशीच चालू राहिली तर हे पैसे वाया गेले म्हणून समजा.

थ्रीडी प्रिंटमध्ये पातळ द्रवाचे थर, बहुधा ५० किंवा १०० मायक्रॉनचे, एकावर एक प्रकाशाने कडक करत जातात. तिरप्या भागावर थरांच्या पायऱ्या दिसतात. नंतर अल्कोहोलने धुऊन पुन्हा प्रकाशात ठेवावी लागते, आणि यात कसर राहिली तर न जुळलेलं रसायन आत राहतं. बाहेरची बाजू नीट पॉलिश केली की फरक बराच मिटतो, आतली बाजू तशीच राहते. ताकदीतही ती सहसा कोरलेलीच्या मागे पडते. भाच्याला सांगा, हे तंत्र दरवर्षी सुधारतंय आणि फाइल जपून ठेवली तर हरवलेल्या कवळीची हुबेहूब जोडी लवकर मिळते. गावाला नेण्यासाठी दुसरा जोड म्हणून उत्तम. रोजच्या वापराची मुख्य कवळी म्हणून आज तरी मी सासूबाईंसाठी ती निवडणार नाही.

तुमच्या डॉक्टरांनी कोबाल्ट-क्रोमच्या धातूचं नाव काढलेलं दिसत नाही. तो पातळ असतो, पाणी पीत नाही, चहाचा गरमपणा टाळूला कळतो म्हणून काहींना आवडतो. या घरी त्याची गरज नाही.

तर माझं मत : चांगल्या प्रयोगशाळेत सावकाश केलेली हीट क्युअर ॲक्रिलिक. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. हीट क्युअर आहे ना? आतल्या बाजूला बारीक खडे किंवा खळगे राहिलेत का, बोट फिरवून दाखवाल का? आणि तिसरी, जी बहुतेक जण विसरतात : कवळी टोचते म्हणून कड घासून द्याल तेव्हा त्या जागी पुन्हा पॉलिश कराल ना? खुर्चीत बसवून मशीनने दोन मिनिटांत कड घासली जाते आणि पेशंट ‘आता बरं वाटतंय’ म्हणत घरी जातो. पण त्या घासलेल्या जागेचा खरखरीतपणा ०.२ मायक्रॉनच्या कितीतरी पट असतो. महिन्याभराने पहिला काळा डाग तिथेच दिसतो. पॉलिश करून मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको. खर्चाची ओढाताण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत कमी पैशांत कवळी होते. खेपा जास्त पडतात आणि कराडहून ते सोपं नाही, पण शिकवणाऱ्यांच्या नजरेखाली काम होतं.

रोजची निगा थोडक्यात. बेसिनमध्ये पाणी भरून त्यावर कवळी धरा, हातातून निसटली तर तुटणार नाही. मऊ ब्रश आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब किंवा साधा साबण, बस. आतली बाजू आधी, बाहेरची नंतर. खळखळून धुवा. कवळी साफ करायच्या फेसाळणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या पाकिटावर लिहिलेल्या वेळेपुरत्या चालतात, पण ब्रशला पर्याय नाहीत. ब्लीचचे प्रयोग घरी करू नका. ते वापरायचंच तर खूप पातळ करून. वेळ दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, हे अमेरिकेतल्या प्रोस्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे कृत्रिम दात बसवणाऱ्या तज्ज्ञांच्या, २०११च्या मार्गदर्शनात आहे. घरात आणलेल्या बाटलीची तीव्रता मोजणार कोण? बोअरच्या पाण्याने पांढरे क्षार धरले तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन अर्धा तास ठेवा, मग ब्रश. टाळू, हिरड्या आणि जीभही मऊ ब्रशने किंवा ओल्या फडक्याने रोज पुसायला सांगा. दात नाहीत म्हणून तोंड धुणं सुटलेलं असतं, हे मी रोज बघते.

रात्री कवळी काढून पाण्याच्या डबीत. कोरडी ठेवली तर ॲक्रिलिक आकसतं. सासूबाईंना हे पटवणं कठीण जाईल, याची मला कल्पना आहे. जपानमध्ये ८५ आणि त्यापुढच्या वयाच्या पाचशेहून अधिक वृद्धांचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक दिसला. सासूबाईंना आकडे सांगू नका, पण दिवा मालवल्यावर काढायची आणि पोरं उठायच्या आत घालायची, एवढं तरी ठरवून घ्या. डबी उशाशी, झाकणाची.

मिशरीचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण टाळता येणार नाही. कवळीला मिशरी आजपासून बंद, याला पर्याय नाही. हिरड्यांची मिशरी सुटायला वेळ लागेल, कारण ती सवय निकोटीनची आहे. रागावून ती सुटत नाही, नुसती लपून लावली जाते. कराडच्या सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं का, तेवढं विचारून बघा. तोवर दर महिन्याला उजेडात त्यांचं तोंड तुम्ही स्वतः बघा : गालाची आतली बाजू, खालच्या ओठाच्या आत, हिरड्यांची कड, जिभेच्या दोन्ही बाजू आणि जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, एखादी जागा कडक लागली, किंवा कवळीने झालेली म्हणून सोडून दिलेली जखम कवळी बाहेर ठेवूनही दोन आठवड्यांत भरली नाही, तर नव्या कवळीचं काम बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात तपासायला न्या. टाळूची लाली औषधाने कमी झाली नाही तरी तेच.